तिकीट सापडत नाही, लायसन्स पुरत नाही

गव्हाणीत मोळी पडून गाळप सुरू झालं की साखर कारखान्याच्या संगणक विभागातला फोन थांबत नाही. काट्यावरचं वजन संगणकात उतरत नाही, गट ऑफिसचा प्रिंटर तोडणी चिठ्ठी अर्धीच छापतो, नव्या चिटबॉयच्या मोबाइलवर ऊसनोंदीचं ॲप उघडत नाही. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा असे सहकारी कारखाने आहेत. बारामतीची आणि लोणी देवकरची एमआयडीसी आहे, दूध संघ आहेत, सहकारी बँका आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. वापरणारे शेकड्यांनी आणि दुरुस्त करणारे चार-पाच, अशी स्थिती जिथे आहे तिथे तक्रारीची वही पुरत नाही. प्रत्येक तक्रारीचं नंबर दिलेलं ‘तिकीट’ बनवणारं आणि ती कुणाकडे, कुठल्या टप्प्यावर आहे हे दाखवणारं सॉफ्टवेअर लागतं. कुणी जिरा घेतं, कुणी रेडमाइन, कुणी मॅन्टिस किंवा बगझिला.

ते बसवल्यानंतर वर्षभरात दोन रडगाणी ठरलेली. एक, ‘तिकीट टाकलं होतं, पण शोधून सापडत नाही.’ दुसरं, ‘नवा माणूस घ्यायचाय, पण लायसन्स संपलं.’ दोन्हींचं खापर सॉफ्टवेअरवर फुटतं आणि व्हेंडरला फोन जातो. खरं तर दोन्हींची उत्तरं बहुतेक वेळा आपल्याच हातात असतात, आणि ती पैसे न खर्चता मिळतात. आधी शोधाचं पाहू, कारण गुंता तिथे जास्त आहे.

आधी नंबर टाकून पाहा

तिकीट सापडत नाही म्हटल्यावर पहिल्यांदा शोधपेटी बंद करा आणि तिकिटाचा नंबर मिळवा. तो तक्रारदाराला आलेल्या ईमेलमध्ये असतो. त्या नंबराचा पत्ता ब्राउझरमध्ये थेट उघडा. या एका कृतीने घोडं कुठे पेंड खातंय ते कळतं.

तिकीट उघडलं, म्हणजे ते आहे आणि तुम्हाला दिसण्याची परवानगीही आहे. मग दोष शोधाच्या अटींत, लिहिलेल्या मजकुरात किंवा शोधसूचीत (सर्च इंडेक्समध्ये) आहे. उघडलं नाही, पण ॲडमिनच्या लॉगिनवर उघडलं, तर प्रश्न परवानगीचा. कुणाकडेच उघडलं नाही, तर ते खोडलं गेलं किंवा मुळात नोंदवलंच गेलं नाही. काटा ऑपरेटरने फोनवर सांगितलेली तक्रार ‘मी टाकली होती’ म्हणून लक्षात राहते, हे वारंवार घडतं.

परवानगीचा प्रश्न फसवा असतो, कारण सॉफ्टवेअर ‘तुम्हाला हे बघता येणार नाही’ असं शोधाच्या यादीत सांगत नाही. जे दाखवायचं नाही ते गाळतं आणि उरलेलं दाखवतं. त्यामुळे एकच जतन केलेला फिल्टर शेतकी विभागाच्या माणसाला चाळीस तिकिटं दाखवतो आणि लेखा विभागाच्या माणसाला बारा, आणि दोघंही आपली यादी पूर्ण आहे असं समजून मीटिंगला येतात. जिरामध्ये प्रकल्प बघण्याची परवानगी वेगळी आणि एखाद्या तिकिटावर लावलेली सुरक्षा पातळी वेगळी, दोन्ही तपासा. रेडमाइनमध्ये प्रत्येक भूमिकेला ‘सगळी तिकिटं’, ‘खासगी सोडून सगळी’ किंवा ‘फक्त स्वतःची’ अशी दृश्यता ठरवता येते. बसवताना कुणीतरी तिसरा पर्याय निवडून ठेवलेला असतो आणि पुढे ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

बंद तिकिटं लपलेली असतात

आता तिकीट आहे, परवानगी आहे, तरी यादीत येत नाही असं धरू. सर्वांत आधी बंद झालेल्या तिकिटांकडे बघा. रेडमाइनमधली तिकिटांची यादी उघडली की फक्त चालू तिकिटं दिसतात. मॅन्टिसचा नेहमीचा फिल्टर बंद तक्रारी झाकून ठेवतो. बगझिलाचा झटपट शोधही उघड्या नोंदींपुरताच चालतो. गेल्या हंगामात याच काट्यावर काय केलं होतं हे शोधणाऱ्याला नेमकी बंद तिकिटंच हवी असतात. स्थितीची अट काढा आणि पुन्हा शोधा.

जिरामध्ये याच्या उलटही घडतं. तिथे ‘स्थिती’ आणि ‘निकाल’, म्हणजे स्टेटस आणि रिझोल्यूशन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कामाचा प्रवाह आखताना तिकीट बंद होताच रिझोल्यूशन भरण्याची तजवीज केली नसेल, तर बंद तिकिटंही ‘न सुटलेली’ म्हणून मोजली जातात. पुन्हा उघडताना रिझोल्यूशन पुसलं नाही, तर उघडं तिकीट सुटलेलं दिसतं. चालू तिकिटांचा आकडा आणि प्रत्यक्ष काम यांचा मेळ बसत नसेल, तर ‘स्थिती बंद, पण रिझोल्यूशन रिकामं’ असा शोध घ्या. निघतील ती तिकिटं दुरुस्त करा आणि प्रवाहही दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढच्या महिन्यात तीच गत.

जिराच्या शोधभाषेत, जेक्यूएलमध्ये, आणखी तीन खड्डे आहेत. ‘अमक्याकडे नसलेली तिकिटं’ मागितली की कुणाकडेच न दिलेली तिकिटं त्यात येत नाहीत. रिकामा रकाना ‘वेगळा’ धरला जात नाही, म्हणून ‘किंवा असायनी रिकामा’ अशी अट जोडावी लागते. जबाबदारी न ठरलेली तक्रारच सगळ्यांत धोक्याची, आणि तीच यादीतून गळते. दुसरा खड्डा ‘आणि’ व ‘किंवा’ एकाच ओळीत लिहिण्याचा. कंस दिले नाहीत तर ‘आणि’ आधी जोडलं जातं आणि भलतीच यादी मिळते. कंस न चुकता द्या.

तिसरा खड्डा तारखेचा. ‘३० नोव्हेंबरपर्यंत’ म्हणून नुसती तारीख लिहिली तर ती त्या दिवशीच्या मध्यरात्री बारापर्यंत धरली जाते, म्हणजे ३० तारखेचा अख्खा दिवस बाहेर राहतो. १ डिसेंबरच्या आधीचं मागा. शिवाय वेळ मोजली जाते ती तुमच्या प्रोफाइलमधल्या टाइमझोनप्रमाणे. प्रोफाइलवर भारताऐवजी जागतिक वेळ राहिली असेल, तर साडेपाच तासांचा फरक पडतो. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या तक्रारी आदल्या दिवसात जातात. चोवीस तास चालणाऱ्या कारखान्यात रात्रपाळीचा हिशेब रोज चुकण्याचं हे साधं कारण असू शकतं.

अटी लांबलचक झाल्या असतील तर शेवटून एकेक अट काढत जा आणि दर वेळी आकडा पाहा. जी अट काढल्यावर हरवलेलं तिकीट परत येतं, तिथेच चूक आहे.

मराठीत लिहिलेलं मराठीत शोधताना

इथे थोडं थांबू या, कारण परदेशी कंपन्यांच्या मदतपुस्तिकांत हे मिळणार नाही आणि आपल्याकडे बहुतेक हरवलेली तिकिटं इथेच हरवतात.

पडद्यावर सारखा दिसणारा शब्द आत साठवताना सारखा असेलच असं नाही. ‘शेतकऱ्याचा कोड चुकला’ आणि ‘शेतकर्‍याचा कोड चुकला’ हे वाचायला एकच. पहिल्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरलं आहे. दुसऱ्यात साधा ‘र’, त्यापुढे हलन्त आणि त्यापुढे डोळ्याला न दिसणारं जोडचिन्ह आहे. युनिकोडमध्ये दोन्ही पद्धती चालतात. कुठला कीबोर्ड कुठली पद्धत वापरेल हे टाइप करणाऱ्याला माहीत नसतं. शोधणाऱ्या यंत्राला मात्र ते दोन निरनिराळे शब्द वाटतात. ‘ॲप’चंही तसंच. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या सवयीने ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेलं ‘अॅप’ वेगळं साठवलं जातं.

तुमचा प्रश्न हाच आहे का, हे तपासणं सोपं आहे. जुन्या तिकिटातला शब्द कॉपी करून शोधपेटीत चिकटवा. मग तोच शब्द आपल्या कीबोर्डने टाइप करून शोधा. चिकटवलेल्याने तिकिटं मिळाली आणि टाइप केलेल्याने नाही, तर साठवणीतला फरक पकडला गेला. उपाय म्हणजे सगळ्या विभागांत एकच कीबोर्ड मांडणी ठरवणं. जुन्या तिकिटांसाठी दोन्ही रूपं ‘किंवा’ने जोडून एक फिल्टर करून ठेवा.

जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुराचा मामला याहून अवघड. युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून मजकूर तिकिटात चिकटवला की रोमन अक्षरांचा कचरा उमटतो. काही जण ‘स्क्रीनशॉटमध्ये आहे’ म्हणून तसंच सोडतात. ते तिकीट शब्दाने कधीच सापडणार नाही. असा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणूनच टाकायचा, असा नियम करा. नुसता स्क्रीनशॉट जोडला असेल तर त्यात दिसणारा एरर एका ओळीत हाताने लिहून घ्या.

मग विभक्तीचा प्रश्न. तक्रार असते ‘काट्यावरचं वजन येत नाही’ आणि आपण शोधतो ‘काटा’. इंग्रजी शब्दांची रूपं जिरा बऱ्यापैकी ओळखतं. काटा, काट्याचा, काट्यावरून हे एकाच शब्दाचे अवतार आहेत हे त्याला ठाऊक नाही. जिरामध्ये ‘काट’ लिहून पुढे तारांकन द्या. तारांकन शब्दाच्या सुरुवातीला चालत नाही, शेवटी चालतं. रेडमाइन मजकुराच्या आतला तुकडाही शोधतं, तिथे नुसतं ‘काट’ पुरेसं. आकड्यांवरही लक्ष ठेवा. कुणी मराठी अंकात लिहितं, कुणी इंग्रजी. काही ठिकाणी दोन्ही अंक सारखे धरले जातात, काही ठिकाणी नाही. विसंबून राहू नका, तिकिटात कुठले अंक वापरायचे ते ठरवून टाका.

गावांच्या नावांनी तर आणखी पसारा होतो. इंदापूर, इंदापुर. भवानीनगर रोमनमध्ये लिहिताना कुणी ‘व’साठी व्ही वापरतं, कुणी डब्ल्यू. वालचंदनगर, भिगवण, निमगाव केतकी, सगळ्यांची तीन-तीन रूपं तिकिटांत सापडतात. गाव आणि गट ही माहिती मोकळ्या मजकुरात घ्यायचीच नाही, हा त्यावरचा खरा इलाज. यादीतून निवडायचा रकाना करा. शेतकऱ्याचं नाव लिहिण्याऐवजी कारखान्याने दिलेला कोड नंबर लिहा. एकाच गावात एकाच नावाचे चार सभासद असतात, कोड मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो. तिकिटात बँक खात्याचा किंवा आधारचा नंबर तर कधीच नको. ते तिकीट पुढे किती जणांच्या डोळ्यांखालून जाईल, यावर तुमचा ताबा राहत नाही.

नवा रकाना केल्यावर तो शोधात येत नसेल, तर तो त्या प्रकल्पाला जोडला आहे का आणि शोधण्यायोग्य केला आहे का, ते पाहा. स्वतःच्या सर्व्हरवर जिरा चालवत असाल, तर नवा रकाना जोडल्यावर शोधसूची नव्याने बांधावी लागते.

शोधसूची शेवटी

सूची बिघडल्याची खूण स्पष्ट असते. तिकीट थेट उघडलं तर ‘बंद’ दिसतं आणि यादीत तेच ‘चालू’ दिसतं. किंवा नंबराने उघडतं, पण एकही अट न लावता घेतलेल्या शोधातसुद्धा येत नाही. अशी खूण असेल तरच सूची नव्याने बांधायला, म्हणजे रीइंडेक्सिंगला, घ्या. परवानगीचा घोळ असताना रीइंडेक्सिंग करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पूर्ण रीइंडेक्सिंग चालू असताना जिरा सगळ्यांसाठी बंद राहतं. भर हंगामात करायचंच झालं तर काट्यावर आणि गट ऑफिसांत आधी कळवा, तेवढ्या वेळेसाठी कागदाची वही ठेवा आणि बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका. क्लाउडवर असाल तर हे बटण तुमच्याकडे नसतंच, कंपनीला कळवावं लागतं.

लायसन्स कोण खातं?

लायसन्स संपलं म्हटल्यावर जास्तीची खरेदी हा बहुतेकांच्या तोंडी पहिला उपाय असतो. तो शेवटचा असायला हवा.

जिराचं लायसन्स, कोण किती वेळा लॉगिन करतं यावर मोजलं जात नाही. जिरा वापरण्याचा प्रवेश ज्या ग्रुपला दिला आहे, त्या ग्रुपमधलं प्रत्येक चालू खातं मोजलं जातं. निवृत्त झालेला लेखापाल, बदली झालेला गटप्रमुख, मागच्या हंगामातला काटा ऑपरेटर, ईमेलवरून तिकिटं बनवण्यासाठी केलेलं यांत्रिक खातं, सगळे त्यात धरले जातात. संस्थेची सगळी युजर-यादी जिराला जोडली आणि येणाऱ्या प्रत्येकाला आपोआप प्रवेशाच्या ग्रुपमध्ये टाकलं, तर एका रात्रीत मर्यादा ओलांडली जाते. आधी त्या ग्रुपची यादी काढा, शेवटचं लॉगिन कधी झालं ते पाहा आणि खातेप्रमुखांसमोर ठेवून एकेक नाव विचारा. एक माणूस दोन ग्रुपमध्ये असला तरी एकदाच मोजला जातो, त्यामुळे ग्रुपच्या संख्यांची बेरीज करून घाबरू नका.

स्वतःच्या सर्व्हरवरच्या जिरात मर्यादा ओलांडली की नवं तिकीट टाकणंच सगळ्यांसाठी थांबतं. जुनी तिकिटं दिसत राहतात, म्हणून लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं. नेटवर्क तपासलं जातं, सर्व्हर बंद-चालू केला जातो. त्याआधी लायसन्सच्या पानावरचा आकडा बघा. जास्तीच्या खात्यांचा प्रवेश काढला की काम पुढे सुरू होतं.

खातं खोडू नका, निष्क्रिय करा. निष्क्रिय खातं लायसन्स सोडतं, पण त्याने केलेलं काम, लिहिलेल्या टिपा आणि नाव जागेवर राहतं. निष्क्रिय करण्यापूर्वी त्याच्याकडची चालू तिकिटं दुसऱ्याकडे द्या आणि त्याच्या मालकीचे फिल्टरही सोपवा. हे राहिलं की महिन्याभराने ‘फिल्टर चालत नाही, रोजचा ईमेल येत नाही’ अशी नवी तक्रार उभी राहते. शोधाची तक्रार आणि लायसन्सची कारवाई यांची गाठ इथेच पडते.

साखर कारखान्यासाठी खरी बचत भूमिका वेगळ्या करण्यात आहे. चिटबॉय, शेतकी मदतनीस, गट ऑफिसचा कारकून, काट्यावरचा माणूस, हे तक्रार करतात. ती सोडवणारे संगणक विभागातले थोडे. जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये लायसन्स लागतं ते सोडवणाऱ्यांना. पोर्टलवरून किंवा ईमेलने तक्रार टाकणारे ग्राहक समजले जातात आणि त्यांना लायसन्स लागत नाही. शंभर तक्रारदारांसाठी शंभर लायसन्स घेण्याचा प्रस्ताव कुणी आणला, तर हा एक प्रश्न विचारा.

हंगामी कर्मचाऱ्यांचं गणित वेगळं करा. हंगाम संपून पट्टा पडला की त्यांची खाती निष्क्रिय झाली पाहिजेत आणि पुढच्या हंगामाच्या तयारीत पुन्हा चालू झाली पाहिजेत. क्लाउडवर महिन्याचं बिल घेतलं असेल, तर हे केल्याने पुढच्या बिलाची रक्कम उतरते. वर्षाचे पैसे युजर-संख्येच्या ठरावीक टप्प्यानुसार भरले असतील, तर हंगामातल्या सर्वांत मोठ्या संख्येचे पैसे बारा महिने जातात. वर्षाचा दर स्वस्त दिसतो म्हणून सही करण्यापूर्वी दोन्ही आकडे मांडा. जोडलेल्या प्लगिनचाही हिशेब घ्या. पन्नास जणांच्या जिराला लावलेलं प्लगिन तिघंच वापरत असले, तरी त्याचे पैसे पन्नास जणांचे लागतात.

पैसे वाचवायला एकच लॉगिन पाच जणांत फिरवण्याची पद्धत मात्र बंद करा. ते लायसन्सच्या अटींत बसत नाही. त्याहून मोठं नुकसान म्हणजे वजनाची दुरुस्ती कुणी मंजूर केली, तिकीट कुणी बंद केलं, याचा पुरावाच उरत नाही. शेतकऱ्याच्या टनेजशी जोडलेल्या तक्रारीत हा पुरावा लागतो, आणि तो त्याचा हक्क आहे.

छोट्या कामासाठी मोठं काही घेण्याची गरज नाही. जिराचा क्लाउडवरचा मोफत प्लॅन दहा जणांपर्यंत चालतो. अभियांत्रिकीच्या चार-पाच विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला किंवा एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपला तो पुरतो. रेडमाइन, मॅन्टिस आणि बगझिला ही मुक्त सॉफ्टवेअरं आहेत, तिथे माणशी लायसन्स नाही. पण सर्व्हर, बॅकअप आणि अपडेट सांभाळणारा माणूस तुमचा हवा. तो नसेल तर फुकटचं सॉफ्टवेअर महागात जातं. कुणी अजून जिराची जुनी सर्व्हर आवृत्ती चालवत असेल, तर तिचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ रोजी संपला आहे आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. ते या उन्हाळ्यातच हलवा, गाळप सुरू असताना स्थलांतर अंगावर घेऊ नका.

एवढं करूनही अडलं तर सपोर्टला लिहिताना नुसतं ‘सर्च चालत नाही’ लिहू नका. तिकिटाचा नंबर, शोधाची पूर्ण ओळ कॉपी केलेली, ती कुणाच्या लॉगिनवर चालते आणि कुणाच्या नाही, थेट उघडल्यावर काय दिसतं, प्रोफाइलचा टाइमझोन, आवृत्ती, आणि अलीकडे रकाना, ग्रुप किंवा लायसन्स यांत केलेला बदल, एवढं एकाच ईमेलमध्ये द्या. मजकूर मराठीत असेल तर मूळ शब्दही चिकटवा, नुसतं चित्र पाठवू नका. अक्षरांच्या साठवणीतला फरक चित्रात दिसत नाही.